दार लावल्यावरचा आवाज

माझे दाजी लोकांच्या गाड्यांमध्ये आवाज बसवतात आणि स्वतःच्या घरात तोंडातून आवाज काढत नाहीत. हे वाक्य माझं नाही, ताईचं आहे. गेली नऊ वर्षं ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते आहे. लोक हसतात, मीही हसायचे. या महिन्यात मात्र तिनं बॅग भरली. लेकीच्या घरी एक खोली रिकामी आहे, तिथं राहायला जायचं, आणि परत यायचं नाही. शनिवारची तिकिटं काढली. तिकिटं म्हणजे एकच तिकीट.

भांडण झालं असतं तर मी मध्ये पडले असते. भांडायला मी खमकी आहे, सगळी बाजारपेठ साक्षीला आहे. पण इथं भांडणच नव्हतं. "भिंतीशी कोणी भांडतं का गं?" असं ताई म्हणाली आणि घड्या घालत राहिली.

आमचं दुकान म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. मधोमध एक खांब आहे. खांबाच्या अलीकडे माझं सीट कव्हरचं काम, पलीकडे दाजींचं. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, शिवणयंत्र आणि कात्री एवढाच माझा संसार. दाजींच्या कामाला माझी गरज लागते, कारण गाडीत वायर टाकायची तर आधी सीटं काढावी लागतात, गालिचा उचलावा लागतो. ते मी करते. ते वायरी टाकतात. मग मी सगळं परत असं लावून देते की कोणी गाडीला हात लावलाय असं गाडीच्या मालकालाही वाटू नये.

दाजींचा एक हट्ट आहे. कंपनीनं दिलेला स्टिरिओ ते काढत नाहीत. बाकीचे मिस्त्री पहिल्यांदा तोच उपटतात, तिथं भडक दिव्यांचा नवा डबा बसवतात. दाजी म्हणतात, त्याच्या पोटात मागचा कॅमेरा आहे, फोन आहे, स्टिअरिंगवरची बटणं आहेत, तो काढला की गाडी अर्धी आंधळी होते. म्हणून ते मागच्या स्पीकरच्या वायरी शोधतात, त्यांना न कापता बारीक जोड देतात, तिथला आवाज एका छोट्या डबीतून अँप्लिफायरला नेतात आणि अँप्लिफायरमधून डिकीतल्या सबवूफरला, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरला. बॅटरीपासून जाड वायर येते, तिला बॅटरीजवळच फ्यूज. दुसरी वायर गाडीच्या पत्र्याला, रंग खरवडून. झालं. पुढून बघाल तर गाडी होती तशी आहे. मागे बसाल तर ढोलाचा ठोका बरगड्यांत येतो.

शेवटी त्यांची परीक्षा असते. इंजिन चालू करायचं, सगळी दारं लावायची आणि गाणं न लावता दोन मिनिटं आत बसायचं. गाणं काय कुठलंही वाजतं, ते म्हणतात, गाणं बंद असताना गाडी गप्प आहे का ते बघायला पाहिजे. बावीस वर्षांत त्यांची एकही गाडी तक्रार घेऊन परत आलेली नाही. बाजारात त्यांना पाठीमागे घुम्या म्हणतात, पण गाडी त्यांच्याकडेच आणतात. कान म्हणजे त्यांचं सगळं दुकान.

आता घरचं सांगते. ताई सांगायची तेव्हा मला वाटायचं ती तिखटमीठ लावते. दाजी जेवताना रेडिओ लावायचे, पण कुठल्या स्टेशनवर नाही. दोन स्टेशनांच्या मधे. नुसती खरखर. बंद केला की घास हातात धरून बसायचे. कडाक्याच्या थंडीत पंखा लावून झोपायचे, ताई दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत. चालता चालता मध्येच थांबायचे आणि भिंतीला तळवा लावून उभे राहायचे, पलीकडून कोणी ठोठावतंय की काय असे. पलीकडे कोणी राहत नाही, तिथं मोकळी जागा आहे.

एकदा भर दुपारी मी घरी गेले, तर ताई दारातच बसलेली. आत दिवे बंद, पंखे बंद. दाजींनी घराचा मेन स्विच पाडला होता आणि ते फ्रिजला कान लावून जमिनीवर बसले होते. मला बघितलं, बोट ओठावर ठेवलं. मीही मुकाट उभी राहिले. पाच मिनिटं गेली असतील. मग ते उठले, मेन स्विच लावला आणि अंघोळीला निघून गेले.

"काय शोधतात गं?" मी विचारलं.

"मला माहीत असतं तर मीही शोधलं असतं," ताई म्हणाली. "तुला खरं सांगू का, मला भीती वाटते. यांची नाही. यांना जे ऐकू येतं, त्याची."

मी तिला वेडी म्हटलं. बाहेर आल्यावर मात्र मी चपला हातात घेऊनच दहा पावलं चालले, हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं.

तर ताईनं बॅग भरली त्याच आठवड्यात दातांचे डॉक्टर आले. नवी कोरी गाडी. जुन्या गाण्यांचे शौकीन. "मिस्त्री, स्टिरिओ कंपनीचाच ठेवायचा, पण आवाज पोटात घुमला पाहिजे," एवढीच मागणी. मंगळवारी आम्ही दोघांनी दिवसभर काम केलं. मी मागचं सीट काढलं, गालिचा उचलला, दाजींनी वायरी टाकल्या. संध्याकाळी दाजी दारं लावून आत बसले. दोन मिनिटांनी बाहेर आले, सगळं ठीक म्हणून मान हलवली. मी डॉक्टरांना फोन केला.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर परत आले. गाडीतून उतरले आणि दार उघडंच ठेवून लांब उभे राहिले.

"माझ्या सासूबाई मागे बसतात," ते म्हणाले. "त्या म्हणायला लागल्या, शेजारी कोणीतरी कण्हतंय. मला वाटलं मलाच टोमणा आहे. आमचं तसं चालू असतं. मग काल मी स्वतः मागे बसलो, बायको चालवत होती. मी रोज माणसांच्या दाढांत ड्रिल घालतो, मिस्त्री. आवाजाला भिणारा माणूस नाही. पण हा आवाज कानाला येत नाही, छातीला येतो. बघायला म्हणून दार उघडलं की गप्प. दार लावलं की सुरू. मी खोकलो, तर तो थांबला. आणि मग पुन्हा लागला. ऐकत असल्यासारखा."

दाजी गाडीकडे बघत राहिले.

"पाच वाजता येतो," डॉक्टर म्हणाले. "नाही गेला तर सगळं काढून टाका. सासूबाई तर रिक्षानं जातायत."

मला त्या रिक्षाचं हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी दाजींकडे बघत होते. पहिली गाडी परत आली होती आणि त्यांचा चेहरा जणू ती येणार हे धरूनच बसला होता.

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. ते पुढे, मी मागे, सासूबाईंच्या जागी. इंजिन चालू होतं. बाहेर ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती, समोर टायरवाला टायर बडवत होता. मी दार ओढून घेतलं आणि ते सगळं एकदम लांब गेलं.

आधी काहीच नाही. मग मीच शिवलेल्या कव्हरची शिवण मांडीखाली थरथरली. मग दातांत काहीतरी आलं. आवाज म्हणावा तर ऐकू येत नव्हता, आणि नाही म्हणावा तर माझी छाती त्यानं भरत होती. बंद खोलीत खूप मोठं जनावर झोपलंय आणि श्वास सोडतच चाललंय, घेत नाही, असं. शेजारची जागा रिकामी आहे हे मला दिसत होतं, तरी मी तिकडे सरकून खात्री करायला तयार नव्हते. मनात आलं, दाराला हात घालावा. हात उचलेना.

मी समोरच्या आरशात दाजींकडे बघितलं. ते शांत बसले होते. नुसते शांत नाही, निवांत. डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, यांना ऐकूच येत नाही. कान गेले. मंगळवारी असेच बसले होते आणि मान हलवून उतरले होते.

"दाजी," मी म्हटलं, "येतंय का ऐकू?"

"काय?"

"हेच. हे घूंऽऽ चाललंय ते."

ते हळूहळू मागे वळले. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, पण तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. जत्रेत हरवलेलं माणूस सापडावं तसे ते माझ्याकडे बघत होते.

"तुला येतो?"

"न यायला काय झालं! दात हलतायत माझे!"

"तुला येतो," ते पुन्हा म्हणाले, या वेळी स्वतःशीच. सीटवरून हात मागे टाकून त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांत पाणी होतं. "कधीपासून येतो गं तुला? सांगितलं का नाहीस?"

"कधीपासून म्हणजे? आत्ता बसल्यापासून!"

मनगटावरची पकड सुटली. त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं. आवाज तुटला, टायरवाल्याची ठोकाठोकी आत आली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता नाही."

दार लावलं. दोन-तीन क्षणांत शिवण थरथरायला लागली.

"आता?"

"आता आहे."

असं त्यांनी चार वेळा केलं. प्रत्येक वेळी ते आवाजाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. चौथ्या वेळी ते म्हणाले, "म्हणजे हा गाडीचा आहे."

"मग कोणाचा असणार?" मी जरा खेकसलेच.

वर हात घालून त्यांनी छतावरच्या दिव्याचं झाकण उचकटलं, आतून करंगळीएवढा एक प्लग बाहेर ओढला. आवाज असा गेला, जसा कोणी दिवा मालवावा.

त्या प्लगाची गोष्ट त्यांनी मला तिथंच गाडीत बसून सांगितली. हल्लीच्या काही गाड्यांच्या छतात बारीक माईक असतात. कंपनीचा स्टिरिओ त्यातून इंजिनाची घरघर ऐकतो आणि तिच्या बरोब्बर उलटा आवाज स्पीकरमधून सोडतो. एक आवाज दुसऱ्याला खातो आणि बसणाऱ्याला वाटतं गाडी किती शांत. पण स्टिरिओ तोच ठेवून तुम्ही डिकीत मोठा सबवूफर दिलात, की तो उलटा आवाज त्यातून शंभरपट मोठा होऊन येतो. माईक तोही ऐकतो. स्टिरिओ त्यालाही उत्तर देतो. मग ते दोघं बंद गाडीत एकमेकांना उत्तरं देत बसतात. दार उघडलं की कंपनीची ती सोय आपोआप बंद होते, म्हणून कोणाला काही सापडत नाही. दाजींना हे सगळं पाठ होतं. अशा गाडीत तो प्लग आधी काढायचा, मग बाकीचं. अशा सहा-सात गाड्यांचे प्लग त्यांनी माझ्यासमोर काढले होते.

"मग या गाडीत का नाही काढलात?" मी विचारलं.

"या गाडीत माईक असेल असं वाटलं नाही. परीक्षेला बसलो की कळतंच, म्हणून शोधत बसलो नाही."

"मग परीक्षेला बसलात तेव्हा?"

ते बराच वेळ स्टिअरिंगवरचा डाग अंगठ्यानं पुसत राहिले. डाग नव्हता.

"ऐकला होता मी मंगळवारी," ते म्हणाले. "मला वाटलं, माझाच आहे."

मला आधी समजलंच नाही.

"नऊ वर्षं झाली," ते म्हणाले. "एक दिवस लागला, तो लागलाच. असाच. अगदी हाच सूर. आधी वाटलं घरात काहीतरी आहे, मोटार असेल, फ्रिज असेल. सगळं बंद करून बघितलं. मग कानाच्या डॉक्टरकडे गेलो, एकटाच. ते म्हणाले, बाहेर काही नाही, नस बिघडलीय, हा राहणार. कोणी हळू बोललं की त्याच्याखाली दबतं. तुझी ताई स्वयंपाकघरातून काही म्हणते, तर मला तिचे ओठ दिसतात आणि हा ऐकू येतो. दहादा 'काय' विचारलं तर तिला कळेल. तिला कळलं तर ती दुकान बंद करायला लावेल. बाजाराला कळलं तर गाडी कोण आणेल? म्हणून गप्प बसायला लागलो. गप्प बसायची सवय लागते."

नऊ वर्षं मी या माणसाला घुम्या म्हणून हसले होते.

"गेला ना पण तुझा?" त्यांनी विचारलं. "पूर्ण?"

"गेला, दाजी. पूर्ण."

"बरं." ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "एक मिनिट मला वाटलं, तो बाहेर आहे. तुलाही येतोय, म्हणजे खरंच आहे कुठेतरी, म्हणजे सापडेल."

मला संताप आला. कोणावर ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, "उद्या ताई जातेय, दाजी. तिला हे सांगा. आज. आत्ता."

"काय सांगू? कानात आवाज येतो म्हणून? ती म्हणेल, सगळ्यांच्या येतो. तिच्याही येतो कधीकधी. माशीसारखा. सांगून कळण्यातली गोष्ट आहे का ही?"

चार वाजायला आले असतील, ताई शेडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. हातात घराची दुसरी किल्ली आणि एक कागद. कागदावर तिनं लिहून आणलं होतं, गॅसवाल्याचा नंबर, कुठला डबा कशाचा, बिलं कुठल्या खणात. ती माझ्याकडेच आली. त्यांच्याशी बोलून उपयोग नाही हे तिनं कधीच धरून ठेवलं होतं.

"हे यांना दे," ती म्हणाली. "समोर ठेवलं तर वाचतील तरी."

मी तोंड उघडलं होतं. शपथ घेऊन सांगते, मी सगळं ओकणार होते. तेवढ्यात दाजी गाडीतून उतरले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि ताईला म्हणाले, "बस जरा."

ताई बघतच राहिली. "गाडीत? फिरायला नेताय की काय? नऊ वर्षांनी आज सुचलं?"

"बस. दोनच मिनिटं."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे. ती बसली. किल्ली आणि कागद हातातच. दाजी पुढे बसले आणि मी बघितलं, त्यांनी वर हात नेला. तो प्लग त्यांनी परत आत दाबला. मग इंजिन चालू केलं आणि दारं लावली.

मी बाहेर होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं. काचेतून ताई दिसत होती, तिची बडबड चालू होती, हातवारे चालू होते. मग दोन्ही थांबलं. मागची नंबर प्लेट बारीक थरथरायला लागली. ताईनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग मागे वळून डिकीकडे. तिनं हात गळ्याशी नेला आणि तिथंच ठेवला. तिचा रंग उतरलेला मला काचेतूनही कळत होता. माझे पाय पुढे निघाले होते, पण मी स्वतःला आवरलं.

दाजी वळून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. एक वाक्य नाही, दोन नाही, ते बोलतच होते. इतकं सलग बोलताना मी त्यांना लेकीच्या जन्माच्या दिवशीही बघितलं नव्हतं. ताई डोळे फाडून ऐकत होती. कधी त्यांच्याकडे बघत होती, कधी वर छताकडे.

मग तिनं धडपडत दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला. कपाळावर घाम होता.

"बंद झाला," ती मला म्हणाली. सुटल्यासारखी. "दार उघडलं की बंद झाला गं."

आणि मग ती मागे वळली. दाजी तसेच बसले होते, मान थोडी कलती करून, जेवताना घास हातात धरून बसतात तसे.

"तुमचा? झाला बंद?" ताईनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

ताई तशीच बसून राहिली, एक पाय जमिनीवर. समोर टायरवाल्यानं कोणाला तरी शिवी हासडली. एक स्कूटर गेली. तिनं हातातल्या कागदाकडे बघितलं. मग तिनं पाय आत घेतला, त्यांच्याजवळ पुढे सरकून बसली आणि दार लावून घेतलं.